सहा चौकटी आणि समुद्राचा ताप

येरमाळ्याच्या फाट्यावर माझ्या धाकट्या भावाचं, बापूचं, चहाचं हॉटेल आहे. निवृत्त होऊन मी गावी आले त्या दिवसापासून माझी ओळख करून द्यायचं कंत्राट त्यानं स्वतःकडं घेतलंय. कळंबकडून, बार्शीकडून, कुठूनही गिऱ्हाईक येऊन बाकड्यावर टेकलं, की कपात चहा ओतता ओतता याचं सुरू होतं, "ही आमची आक्का. तीस वर्सं समुद्राला थर्मामीटर लावायची. सरकार पगार द्येत हुतं, खोटं न्हाय."

गिऱ्हाईक आधी माझ्याकडं बघतं, मग बापूकडं बघतं. आपली खेचली जात नाही ना, याची खात्री झाली की विचारतं, "मग निघायचा का ताप?"

"निघायचा की," मी म्हणते.

"मग काय करायचं? समुद्राला गोळी द्यायची?"

यावर सगळं हॉटेल हसतं आणि मीही हसते. पण खरं सांगायचं तर हा प्रश्न तीस वर्षं मलाही पडत होता, आणि आमच्या हापिसातल्या भल्याभल्यांकडं त्याचं उत्तर नव्हतं.

नोकरी कशी लागली, बढती कधी मिळाली, कुणी अडवली, हे सगळं मी सांगत बसणार नाही. बढत्या सगळ्यांच्या सारख्याच अडतात. काम काय होतं तेवढं सांगते. आमचं हापीस दक्षिणेतल्या एका मोठ्या शहरात, समुद्रापासून चांगलं लांब. खिडकीतून शेजारच्या मंगल कार्यालयाची पाण्याची टाकी दिसायची, तेवढंच काय ते पाणी. माझ्यासमोर पडद्यावर मात्र अख्खा अरबी समुद्र चौकोन पाडून मांडलेला. एकेक चौकोन चार-पाच गावांच्या शिवाराएवढा. उपग्रह वरून जाताना पाण्यातून निघणारी उष्णता टिपतो आणि प्रत्येक चौकोनाला एक आकडा देतो. दिवसा उन्हानं पाण्याची नुसती कातडी तापते, म्हणून रात्रीचा आकडा खरा धरायचा. मधे ढग आला की उपग्रह आंधळा. तिथं चौकोन करडा दिसतो, आणि आम्ही ढगाला शिव्या घालत बसतो.

हे सगळं कशासाठी, तर प्रवाळासाठी. प्रवाळ म्हणजे आपण अंगठीत घालतो त्या पोवळ्याचं गणगोत. दिसतं दगडासारखं, पण असतो जिवंत प्राणी. त्याच्या अंगात एक बारीक शेवाळ राहतं. आपल्याकडच्या बटईसारखाच व्यवहार म्हणा. प्रवाळानं जागा द्यायची, शेवाळानं उन्हावर अन्न पिकवायचं आणि दोघांनी वाटून खायचं. पाणी नेहमीपेक्षा फार तापलं की मालकाचं डोकं फिरतं आणि तो बटईदाराला हाकलून देतो. रंग सगळा त्या बटईदाराचा असतो. तो गेला की मालकाची चुन्याची हाडं तेवढी पांढरीफेक दिसतात. लगेच मरत नाही तो. उपाशी राहून वाट बघतो. पाणी लवकर निवलं तर बटईदार परत येतो, नाहीतर सगळं संपतं.

आणि फार तापलं म्हणजे किती, तर एक अंश! वर्षातला सगळ्यांत गरम महिना असतो, त्याच्यापेक्षा फक्त एक अंश जास्त. हे मी गावात सांगितलं तेव्हा एक म्हातारे म्हणाले, "मग लई नाजूक हाय गं तुझं जनावर. हिकडं आणू नगं." पण त्यातही ताप किती चढला यापेक्षा किती आठवडे उतरला नाही, हे महत्त्वाचं. एक अंश एक आठवडा राहिला की आम्ही एक खूण मांडायचो, पाच अंश राहिला तर पाच. बारा आठवड्यांत चार खुणा झाल्या की प्रवाळ पांढरं पडायला लागतं, आठ झाल्या की मरायला. त्याप्रमाणं आमची रोजची वार्ता दुपारी तीनला सुटायची. "लक्ष ठेवा", मग "इशारा", आणि चौथी खूण झाली की "धोका".

वार्ता गेली की फोन सुरू. एका किनाऱ्यावरचे हॉटेलमालक फार अदबीनं म्हणाले, "मॅडम, नकाशात आमच्या समोरचा लाल रंग जरा पिवळा करता येईल का? पाहुणे घाबरतात." मी म्हटलं, साहेब, समुद्राला विचारते आणि कळवते. एकदा वरून कुणीतरी आपल्या राज्यातल्या झाडून सगळ्या जिल्ह्यांना प्रवाळाची माहिती मागवणारा तक्ता धाडला. खाली शंकांसाठी नंबर माझा. धाराशिवहून एका कारकून भाऊंचा फोन आला.

"मॅडम, ह्ये प्रवाळ म्हंजी खरीप का रब्बी?"

माझ्याच जिल्ह्याचा माणूस. मला इतकं भरून आलं की हसूच आलं नाही. म्हटलं, "भाऊ, निरंक लिहा."

"निरंक लिव्हलं की वरून कारण इचारतेत. कारण काय लिहू?"

"समुद्र नाही म्हणून."

"बराबर," ते म्हणाले आणि सावकाश लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "जिल्ह्यात... समुद्र... उपलब्ध नाही."

अशा फोनांमधूनच मला तांडेलकाका भेटले. साठीचे, मालवणच्या बाजूचे, पर्यटकांना होडीतून प्रवाळ दाखवायला नेणारे. पहिली दोन वर्षं आम्ही एकमेकांशी हिंदीत बोलायचो. दोघंही मराठी! त्यांचं मालवणी मला कळेना आणि माझं येरमाळ्याचं त्यांना. पुढं कान बसला. हे काका वार्ता नुसती वाचत नसत, त्यावर उलटतपासणी घेत.

त्यांचं कारणही तसंच होतं. वीस-पंचवीस वर्षं त्यांनी होडीचा नांगर बिनघोर प्रवाळावर टाकला होता. सगळेच टाकायचे. मग एका छोट्या संस्थेची माणसं आली, तुटलेले प्रवाळाचे तुकडे चौकटीला बांधून पुन्हा कसे वाढवायचे ते शिकवलं, आणि दोन वर्षांत गाशा गुंडाळून गेली. काकांनी मात्र ते सोडलं नाही. बाजेएवढ्या लोखंडी चौकटी, त्यांवर जाळी, जाळीला दोऱ्यानं बांधलेले बोटभर तुकडे. होडीतून उतरायचं, बुडी मारायची, जुन्या दात घासायच्या ब्रशनं शेवाळ काढायचं. वर्षाला बोटाच्या पेराएवढी वाढ. मी एकदा विचारलं, काका, कुणी सांगितलंय हे? ते म्हणाले, "माझ्याच नांगरान मोडला ता, माकाच जोडूक व्हया."

अशा आठ चौकटी होत्या त्यांच्या. दोन वाव पाण्यात ठेवलेल्या. वाव म्हणजे माणसानं दोन्ही हात पसरले की होते ती लांबी. आमच्याकडं विहिरीला परस म्हणतात, तसलंच माप. आमचा "धोका" आला, की त्या चौकटी दोरानं सहा वावांवर सोडायच्या. खाली पाणी थोडं थंड असतं. पण खाली ऊन कमी आणि गाळ जास्त, म्हणून फार दिवस ठेवता येत नाहीत. म्हणजे उगाच खाली सोडल्या तरी नुकसान आणि सोडायच्या तेव्हा सोडल्या नाहीत तरी नुकसान. सगळी मदार आमच्या वार्तेवर.

आता माझी चूक सांगते. तीस वर्षांत लहानसहान पुष्कळ केल्या, पण ही खरी.

त्या वर्षी आमच्याकडं नवा उपग्रह रुजू झाला. एरवी अचाट आकडा आला की यंत्रच तो बाहेर काढतं, पण नव्याची घडी बसेपर्यंत ती चाळणी बंद ठेवली होती आणि आकडे माणसानं डोळ्यांनी तपासायचे ठरलं होतं. ते माणूस मी. एप्रिलचा महिना. मालवणच्या समोर, जिथं पाणी तिसाच्या आसपास असतं, तिथं तीन चौकोन आठवडाभर आले पस्तीस अंशांचे. मी बघितले आणि पुढं सरकले.

अहो, जन्म माझा येरमाळ्याचा! चैत्रात पस्तीस म्हणजे आमच्याकडं गारवा आला म्हणतात. बायका पापड वाळायचे नाहीत म्हणून कुरकुरतात. पस्तीस बघून माझ्या अंगावरचा एकही केस उभा राहिला नाही. त्या तीन चौकोनांनी आजूबाजूची सरासरी वर ओढली, तिथं नकाशा लाल झाला आणि मी स्वतःच्या हातानं "धोका" पाठवला. काकांनी पुतण्यांना घेऊन आठही चौकटी खाली सोडल्या.

आठवडा उलटल्यावर त्यांचा फोन, "मॅडम, पाणी थंडगार आसा. तुमचो उपग्रह खुळावलो हा काय?"

त्याच आठवड्यात आमची श्रीलता रजेवरून आली. ही माझ्या हाताखालची, पण जात्याच हुशार, आणि आंध्र किनाऱ्यावरच्या मासेमारी करणाऱ्या घरातली. दारातूनच तिनं माझा पडदा बघितला आणि म्हणाली, "मॅडम, पस्तीस? हे समुद्राचं पाणी आहे की आंघोळीचं?" तिला ते दारातून कळलं, मला खुर्चीत बसून कळलं नव्हतं. शोधल्यावर निघालं असं, की नव्या उपग्रहाचा नकाशा एक घर सरकला होता. किनाऱ्यालगतचा काळा कातळ समुद्र म्हणून मोजला जात होता. तापला होता तो कातळ.

आम्ही धोका मागं घेतला. काकांनी चौकटी वर काढल्या, तर दोन चौकटींवर गाळ बसून सगळे तुकडे मेलेले. आठाच्या सहा उरल्या. हापिसातून पत्र गेलं, "तांत्रिक कारणामुळे चुकीची वार्ता प्रसृत झाली." मसुदा मीच केला होता. तांत्रिक कारण म्हणजे मी, हे कुठं लिहिलं नाही. काकांनाही सांगितलं नाही. ते बिचारे फोनवर उपग्रहाला नावं ठेवत आणि मी "हो ना, हो ना" करत असे. याची मला लाज वाटायची, अजून वाटते. आमच्या साहेबांनी त्यानंतर नियम घालून दिला. आकड्याशिवाय धोका द्यायचा नाही, आणि दिलेल्या प्रत्येक धोक्याची जागेवर जाऊन पडताळणी हवी. पुन्हा चूक झाली तर मालवणची वार्ताच बंद करू, म्हणाले.

दोन वर्षं गेली. मी चैत्रात रजा काढून येडेश्वरीच्या यात्रेला गावी आले होते. देवीची पालखी चुन्याच्या रानात येते आणि माणसं तिथं चुनखडीचे खडे वेचून टाकतात, अशी आमच्याकडची रीत. माणसाला माणूस चिकटलेलं, वर ऊन, हलग्यांचा दणका. मी ओच्यात खडे घेऊन वाकलेली, आणि श्रीलताचा फोन. बापूच्या हातात पिशवी दिली आणि रसाच्या गाड्याच्या मागं जाऊन एका कानात बोट घातलं.

श्रीलता म्हणाली, "मॅडम, मालवणला तीन खुणा झाल्यात. चौथी झाली असणार, पण पाच दिवस वर ढग आहे. काही दिसत नाही. पाण्यात तरंगत ताप मोजणारा बोया बंद पडलाय. आज 'इशारा'च ठेवू की वाढवू? तीनला वार्ता जाते."

साडेबारा झाले होते. नियमानं बघितलं तर उत्तर सोपं होतं. आकडा नाही, म्हणजे धोका नाही. शिवाय ढग आला की सावली पडते, वारा सुटला तर पाणी ढवळून निवतं. गप्प बसले असते तर मला कुणी बोललं नसतं. पण चौथी खूण खरंच झाली असेल तर काकांच्या उरलेल्या सहा चौकटी दोन वाव पाण्यात शिजत होत्या. आणि झाली नसेल, तर मी त्यांना दुसऱ्यांदा गाळात घालणार होते.

मी काकांना फोन लावला. "काका, वारा कसाय?"

"वारो पडलो हा आठ दिवस. पाणी आरसो झाला हा."

ढग होता, पण पाणी ढवळायला वारा नव्हता.

"आणि चौकटींवरचे तुकडे?"

"अगो बाय, काय सांगू!" काका खुशीत आले. "असे कधी दिसाक नाय. निळे, जांभळे, दिवो लावल्यासारखे चमकतत. पर्यटक फोटो काढून दमले."

मी मात्र चरकले. फार ताप सोसताना काही प्रवाळं अशी भडक रंगात येतात. उन्हाचा मारा झेलायला अंगावर रंग चढवतात. बघणाऱ्याला वाटतं काय तजेला आलाय, आणि पुढच्या काही दिवसांत ती पांढरी पडतात. पुस्तकात वाचलं होतं, प्रत्यक्ष कधी ऐकलं नव्हतं.

"काका, चौकटी आजच खाली सोडा."

"आज? एवढी देखणी असताना? गेल्या खेपेक तुमच्या खुळ्या उपग्रहान माझ्यो दोन चौकटी मारल्यान. आता नाय."

मी म्हटलं, "काका, उपग्रह खुळा नव्हता. मी खुळी होते."

"मगे ता पत्र?"

"ते मीच लिहिलं. पस्तीस अंश माझ्या डोळ्यांसमोर होते आणि मला ते जास्त वाटले नाहीत. आमच्याकडं पस्तीस म्हणजे गारवा. तुमच्या दोन चौकटी माझ्यामुळं गेल्या."

हलग्या वाजत होत्या. मग काका म्हणाले, "दोन वर्सा मी त्या उपग्रहाक गाळी घालतंय, मॅडम. रोज सकाळी वर बघान."

मला रडावं की हसावं कळेना.

"आता कितको आकडो इलो?"

"आकडा आला नाही. ढग आहे. वारा पडलाय हे तुम्ही सांगितलं, रंगही तुम्हीच सांगितला. त्यावरच मी बोलतेय. माझ्याकडं पुरावा नाही, काका. चुकले तर साहेब तुमच्या बाजूची वार्ताच बंद करणार आहेत. पण माझ्या मनाची खात्री आहे."

"बघतंय," म्हणाले आणि फोन ठेवला.

मी श्रीलताला कळवलं, "धोका" दे. ती म्हणाली, आधार काय लिहू? म्हटलं, लिही, वारा पडलेला, प्रवाळांचा रंग भडक, माहिती जागेवरच्या माणसाची. ती म्हणाली, "मॅडम, माझे वडील पण असंच सांगायचे. आरसा झाला की जाळं काढायचे." तीनला वार्ता गेली.

मागं वळले तर बापू पिशवी धरून उभा. सगळं ऐकलेलं. मला वाटलं आता धीर देईल. तर म्हणतो कसा, "आक्का, पस्तीस व्हय? ह्यात तुजं काय चुकलं? पस्तीस तर गारच हाय की!" आमच्या रक्तातच आहे ते, काय करणार.

संध्याकाळी काकांचा निरोप आला, चार चौकटी सहा वावांवर सोडल्या, दोनांना दोर आखूड पडला म्हणून त्या वरच राहिल्या. मी म्हटलं, उद्या आणा दोर. ते म्हणाले, बघू. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, पुन्हा बघू. माझी रजा संपली, मी परत कामावर गेले.

आठव्या दिवशी ढग फाटला. उपग्रहानं बघितलं तर पाणी दीड अंश वर. माझा जीव भांड्यात पडला, पण साहेबांचा नाही पडला. ते म्हणाले, आकडा मागच्या वेळीही होताच, पडताळणी कुठंय? त्यांचंही चुकत नव्हतं. तेवढ्यात काकांनी फोटो पाठवले. खालच्या चार चौकटींवर तपकिरी, हिरवट, तब्येतीनं उभे तुकडे, आणि वरच्या दोनांवर पांढरंफेक सगळं. साहेब खुर्चीतून उठलेच. "एकाच जागेचा, एकाच दिवसाचा, असा स्वच्छ पुरावा आजवर आला नव्हता," म्हणाले. "दोर आखूड पडला हे आपलं नशीब." मालवणची वार्ता चालू राहिली. पुढच्या उन्हाळ्यात आजूबाजूच्या होडीवाल्यांनीही ती मानली आणि लाल रंग दिसला की प्रवाळावर नांगर टाकणं, पर्यटक उतरवणं आपणहून थांबवलं. बापूच्या गिऱ्हाइकांना गोळी म्हणून मी एवढंच दाखवू शकते. आजाऱ्याच्या खाटेवर बसू नका, एवढीच आमची गोळी.

मोठ्या खडकावरचं प्रवाळ त्या वर्षी पुष्कळ गेलं. त्याला दोर बांधून खाली सोडता येत नाही. वार्ता वेळेवर गेली होती, अचूक होती, आणि ते मेलं. याचं वाईट वाटायचं कधी कमी झालं नाही. त्या दोन चौकटींवरचाही एकही तुकडा पुन्हा रंगावर आला नाही.

निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा मी मालवणला गेले. तीस वर्षं ज्याचा ताप बघितला त्याला एकदा हात लावून बघावा म्हटलं. सोबत बापू. त्याला वाटेत तीनदा बजावलं होतं, तिथं जाऊन थर्मामीटर काढू नकोस. काका धक्क्यावर उभे होते. फोटोपेक्षा बुटके, चेष्टा मात्र फोनवरच्याएवढीच. बापूला होडीत बसवताना म्हणाले, "घट्ट धरा. तुमच्या जिल्ह्यात समुद्र उपलब्ध नाय, माका मॅडमनी सांगितलाहा."

चौकटी आता अकरा झाल्या होत्या. मी काकांनी दिलेला चष्मा लावून होडीच्या कडेवरून तोंड पाण्यात घातलं. खारट पाणी नाकात गेलं, खोकला आला, पण दिसलं. हाताएवढी वाढलेली प्रवाळाची झुडपं, त्यांतून फिरणारे निळे मासे. जे मी तीस वर्षं चौकोनात बघत होते ते असं असतं, हे मला ठाऊकच नव्हतं. तोंड वर काढलं, पदरानं पुसलं आणि होडीत नीट बसायला गेले तर पायाखाली दोराची वेटोळी. भलीमोठी, जुनी, मिठानं पांढरी झालेली.

"काका, हा दोर त्या धोक्यानंतर घेतला?"

"नाय. त्याच्या आदीचो. धा-बारा वर्सा झाली."

मी वेटोळी मोजली. मोजायची सवयच आहे. "हा तर सहा चौकटींना पुरून उरेल."

"होय."

"मग त्या दिवशी आखूड कसा पडला?"

काका इंजिनाशी काहीतरी करत राहिले. करण्यासारखं तिथं काही नव्हतं.

"पडूक नाय," ते म्हणाले. "तुमीच फोनार म्हणालास ना, पुरावो नाय म्हणान. सगळ्यो खाली नेल्यार सगळ्यो वाचतल्यो. मगे तुमचो सायब काय म्हणतलो? पाणी थंडच होता, मॅडम पुन्यांदा चुकली. म्हणान दोन वर ठेवलंय. साक्षीक."

रोज बुडी मारून, ब्रशनं घासून, वर्षाला पेरभर वाढवलेलं. फोनवर ज्या बाईनं नुकतंच कबूल केलं होतं, की तुमच्या दोन चौकटी मी मारल्या, तिच्या शब्दाला साक्षीदार म्हणून या माणसानं आणखी दोन पांढऱ्या होऊ दिल्या. काका रोज ते बघत राहिले, आणि दोर पायाशी पडलेला.

मग माझा तोल गेला. तीस वर्षांची हापिसी भाषा कुठल्या कुठं गेली. "आवं, डोस्कं फिरलं हुतं का तुमचं? लेकरावानी संभाळलेलं आन् माज्यापायी मरू दिलं? कुणी सांगितलं हुतं तुमाला? माजी काय लई सोन्याची नोकरी लागून गेली हुती? खाली सोडायच्या हुत्या समद्या, माजं काय व्हायचं ते झालं असतं की!" आणि बोलता बोलता रडायलाच लागले. डोळ्यांतलं कुठलं आणि समुद्राचं कुठलं, काही कळेना.

"आक्का, खाली बस," बापू दोन्ही हातांनी फळी धरून ओरडला, "नाव हालतीया!"

काकांनी मला रडू दिलं. मग खिशातला रुमाल काढून पुढं केला.

"मॅडम, गाळी घालूच्यो तर मालवणीत घाला," ते म्हणाले. "ह्यो येरमाळ्याच्यो अंगाक लागनत नाय."